व्होल्टेज समांतर, विद्युतधारा एकसर: मल्टिमीटरने मोजमाप करण्याची रीत

विद्युत परिपथात रोजच्या कामासाठी दोनच राशी पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात: दोन बिंदूंमधले व्होल्टेज, म्हणजेच विभवांतर, आणि एखाद्या तारेतून वाहणारी विद्युतधारा. दोन्ही एकाच मल्टिमीटरने मोजता येतात, तांबड्या-काळ्या प्रोबची जोडीही तीच असते, आणि नेमक्या याच सोयीमुळे नवशिक्याची गफलत होते. कारण मीटर जोडण्याच्या दोन रीती एकमेकींच्या अगदी उलट आहेत. व्होल्टेज मोजताना परिपथ आहे तसा ठेवून त्याच्या दोन बिंदूंवर प्रोबची टोके फक्त टेकवायची असतात. ही समांतर जोडणी. विद्युतधारा मोजताना मात्र तार एका ठिकाणी सोडवून त्या दोन सुट्या टोकांच्या मध्ये मीटर बसवायचा असतो, म्हणजे मोजायची धारा सगळीच्या सगळी मीटरमधून जाते. ही एकसर जोडणी.

हे नियम नुसते पाठ करण्यापेक्षा त्यांचे कारण समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. मीटर जोडला की तोही त्या परिपथाचा एक घटक बनतो आणि थोडा का होईना, परिपथ बदलतो. हा बदल कमीत कमी व्हावा म्हणून व्होल्टमीटरचा (व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरचा) अंतर्गत रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, फार मोठा ठेवलेला असतो, जेणेकरून त्याच्या वाटेने अगदी नगण्य धारा वळेल. आणि ॲमीटरचा (धारा मोजणाऱ्या मीटरचा) रोध फार लहान ठेवलेला असतो, जेणेकरून धारेच्या वाटेत अडथळा येणार नाही. एवढे ध्यानात ठेवले की चुकीच्या जोडणीचे परिणामही आपोआप कळतात. व्होल्टमीटर चुकून एकसर जोडला तर परिपथ जवळजवळ बंद पडतो, पण नुकसान काही होत नाही. ॲमीटर चुकून बॅटरीच्या किंवा पुरवठ्याच्या दोन टोकांना समांतर लावला तर तो जवळपास कोऱ्या तारेसारखा वागतो आणि थेट शॉर्ट सर्किट होते. म्हणून या दोन चुकांपैकी दुसरीची धास्ती बाळगणे योग्य आहे.

मीटरवरच्या खुणा

काळा प्रोब नेहमी ‘कॉम’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये असतो आणि तो तिथून हलवावा लागत नाही. तांबड्या प्रोबसाठी बहुतेक मीटरमध्ये दोन किंवा तीन सॉकेट असतात: एक व्होल्ट आणि ओहमसाठी, एक मिलिअँपिअरसाठी आणि एक १० अँपिअरसाठी. काही मीटरमध्ये पहिली दोन एकत्र केलेली असतात. मधला गोल स्विच फिरवून राशी आणि रेंज निवडायची असते. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ ही डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेची खूण, तर नागमोडी रेघ ही एसीची, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या धारेची खूण. बॅटरी, सौर पॅनेल, मोबाइलचा चार्जर यांच्यातून मिळते ती डीसी. भिंतीतल्या पुरवठ्याची एसी. डीसीच्या परिपथावर मीटर एसीच्या रेंजवर ठेवला तर शून्य किंवा निरर्थक आकडा दिसू शकतो, आणि अनेक जण तेवढ्यावरून ‘इथे व्होल्टेजच नाही’ असा धोकादायक निष्कर्ष काढतात.

रेंज हाताने निवडावी लागत असेल तर अंदाजापेक्षा मोठ्या रेंजपासून सुरुवात करून खाली उतरावे; मात्र शेवटचे वाचन आकडा मावेल अशा सर्वांत लहान रेंजवर घ्यावे. यामागे अचूकतेचा हिशेब आहे. मीटरच्या पुस्तिकेत ‘वाचनाच्या ०.५ टक्के अधिक २ अंक’ अशा स्वरूपात चूक सांगितलेली असते. समजा ९.१० व्होल्ट हे वाचन २० व्होल्टच्या रेंजवर घेतले. तिथे शेवटचा अंक ०.०१ व्होल्टचा असल्याने चूक सुमारे ०.०५ अधिक ०.०२, म्हणजे ०.०७ व्होल्टच्या आसपास राहते. तेच वाचन २०० व्होल्टच्या रेंजवर घेतले तर शेवटचा अंक ०.१ व्होल्टचा होतो आणि चूक पाव व्होल्टपर्यंत जाऊ शकते. पडद्यावरचे सगळेच अंक सारखे खरे नसतात, याची जाणीव पहिल्या दिवसापासून असावी.

सरावासाठी एक साधा परिपथ

पहिला सराव भिंतीतल्या पुरवठ्यावर मुळीच करू नये. ९ व्होल्टची एक बॅटरी, ४७० ओहमचा एक रेझिस्टर आणि एक तांबडा एलईडी एवढे पुरे आहे. ४७० ओहमच्या रेझिस्टरवर पिवळा, जांभळा आणि तपकिरी असे पट्टे असतात. चौथा सोनेरी पट्टा असेल तर त्याचे खरे मूल्य पाच टक्क्यांनी कमी-जास्त असू शकते. बॅटरीच्या धन टोकापासून रेझिस्टर, त्यापुढे एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला, असे तिन्ही घटक एकसर जोडावेत. एलईडी उजळला की परिपथ तयार झाला.

आता तांबडा प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये ठेवून स्विच डीसी २० व्होल्टवर आणावा आणि तीन वाचने घ्यावीत: बॅटरीच्या दोन टोकांवर, रेझिस्टरच्या दोन टोकांवर आणि एलईडीच्या दोन पायांवर. एका जोडणीत ही वाचने अनुक्रमे ९.१०, ७.१५ आणि १.९५ व्होल्ट आली असे धरू. पुढच्या दोन आकड्यांची बेरीज पहिल्याइतकी होते, आणि ती तशी व्हायलाच हवी. बॅटरीने दिलेले सगळे व्होल्टेज वाटेतल्या घटकांमध्ये वाटले जाते. एक-दोन शतांश व्होल्टचा फरक मीटरच्या अचूकतेच्या मर्यादेतला असतो, पण अर्धा व्होल्ट कुठे हरवला असेल तर तो एखाद्या सैल जोडात सापडेल. वाचनाच्या आधी उणे चिन्ह दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. काळ्या प्रोबच्या तुलनेत तांबडा प्रोब कमी विभवावर आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. उलट हे चिन्ह उपयोगी आहे. कोणते टोक धन आणि कोणते ऋण हे त्यावरून समजते.

व्होल्टेज एका बिंदूचे नसते, नेहमी दोन बिंदूंमधले असते, ही गोष्ट बोलताना विसरली जाते. ‘या पिनवर ५ व्होल्ट आहेत’ असे म्हणताना काळा प्रोब परिपथाच्या ग्राउंडवर, म्हणजे शून्य व्होल्ट मानलेल्या सामाईक बिंदूवर आहे हे गृहीत धरलेले असते. मोठ्या बोर्डावर काम करताना काळ्या प्रोबला मगर क्लिप लावून ती ग्राउंडवर पक्की बसवावी आणि फक्त तांबडा प्रोब हातात घेऊन एकेक बिंदू तपासत जावे. यात एक हात मोकळा राहतो आणि दोन्ही प्रोब सांभाळताना होणारी घसराघसर टळते. अगदी जवळजवळ असलेल्या दोन पिनांवर प्रोबचे टोक घसरून दोन्ही एकत्र जोडल्या गेल्या, की क्षणात आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, कायमची निकामी होऊ शकते.

आता त्याच परिपथातली विद्युतधारा मोजू. प्रथम बॅटरी सोडवावी. तांबडा प्रोब मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये हलवावा आणि स्विच डीसी २०० मिलिअँपिअरवर आणावा. मग रेझिस्टर आणि एलईडी यांच्यातला जोड सुटा करून, रेझिस्टरच्या सुट्या टोकाला तांबडा आणि एलईडीच्या लांब पायाला काळा प्रोब क्लिपने जोडावा. सगळे नीट बसल्याची खात्री झाल्यावरच बॅटरी परत लावावी. एलईडी पूर्वीसारखा उजळेल आणि पडद्यावर १५ मिलिअँपिअरच्या आसपास आकडा दिसेल. मीटर बॅटरी आणि रेझिस्टरच्या मध्ये लावला काय किंवा एलईडीच्या पलीकडे लावला काय, आकडा तोच येतो, कारण एकसर परिपथात सगळीकडे एकच धारा वाहते. हे तीन ठिकाणी मीटर लावून स्वतः पाहावे. धारा वाटेत ‘खर्च होते’ हा फार लोकांच्या मनात रुतलेला समज त्याशिवाय जात नाही.

परिपथ न तोडता विद्युतधारा काढणे

वरचे मोजमाप करण्याआधीच त्याचे उत्तर आपल्या हातात होते. रेझिस्टरवर ७.१५ व्होल्ट होते आणि त्याचा रोध ४७० ओहम आहे. ओहमच्या नियमाने (धारा = व्होल्टेज ÷ रोध) भागाकार केला तर ७.१५ ÷ ४७० म्हणजे १५.२ मिलिअँपिअर. गेओर्ग ओहम यांनी हा नियम १८२७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि दुरुस्तीच्या टेबलावर इतक्या वेळा उपयोगी पडणारे दुसरे सूत्र मला माहीत नाही. जिथे परिपथात आधीच एखादा ज्ञात रेझिस्टर आहे, तिथे तार तोडण्याची गरज नसते. त्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजून भागाकार करावा. छापील सर्किट बोर्डावर तर हीच रीत व्यवहार्य आहे, कारण तिथे पट्टी कापून मीटर बसवणे म्हणजे चांगल्या बोर्डाची नासाडी करणे होय. रेझिस्टरचे खरे मूल्य आधी परिपथाबाहेर मोजून ठेवले असेल तर पाच टक्क्यांची अनिश्चितताही निघून जाते.

परिपथात असा रेझिस्टर नसेल तर आपण मुद्दाम घालू शकतो. १ ओहमचा रेझिस्टर एकसर घातला की त्याच्यावर पडणाऱ्या दर मिलिव्होल्टमागे १ मिलिअँपिअर धारा, असा सोपा हिशेब होतो. मोठ्या धारेसाठी ०.१ किंवा ०.०१ ओहमचे रेझिस्टर वापरतात आणि त्यांना शंट म्हणतात. मात्र त्यांची शक्ती तपासावी: ०.१ ओहममधून ५ अँपिअर गेले तर त्यात २.५ वॅट उष्णता निर्माण होते, आणि पाव वॅटचा रेझिस्टर तिथे जळून जाईल. मल्टिमीटरच्या आतही धारा मोजण्यासाठी असाच शंट असतो. मीटर प्रत्यक्षात मोजतो ते शंटवरचे व्होल्टेजच.

मीटरमुळे वाचन कसे बदलते

व्होल्टमीटरचा रोध मोठा असला तरी अनंत नसतो. बहुतेक डिजिटल मीटरमध्ये डीसी व्होल्टच्या रेंजवर तो १० मेगाओहम असतो. आपल्या एलईडीच्या परिपथात याने काहीच फरक पडत नाही, पण परिपथातले रेझिस्टरच मेगाओहममध्ये असतील तर पडतो. १० व्होल्टच्या पुरवठ्यावर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडले तर मधल्या बिंदूवर बरोबर ५ व्होल्ट असतात. तिथे १० मेगाओहमचा मीटर टेकवला की खालच्या रेझिस्टरला समांतर आणखी एक वाट मिळते, दोघांचा मिळून रोध ०.९१ मेगाओहम होतो आणि मीटर ४.७६ व्होल्ट दाखवतो. मीटर खोटे बोलत नाही. तो लावल्यावर तिथे खरोखरच ४.७६ व्होल्ट उरतात. काटा असलेल्या जुन्या मीटरवर हा परिणाम कितीतरी मोठा असतो. दर व्होल्टला २० हजार ओहम अशी संवेदनशीलता असलेला काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर फक्त २०० किलोओहमचा असतो, आणि याच परिपथात तो १.४३ व्होल्ट दाखवेल. म्हणून मोठ्या रोधाच्या परिपथात वाचन घेण्यापूर्वी मीटरचा अंतर्गत रोध पुस्तिकेत पाहून ठेवावा आणि परिपथाचा रोध त्याच्या शंभराव्या भागापेक्षा कमी असेल तरच वाचनावर थेट विसंबावे.

ॲमीटरची अडचण याच्या उलट आहे. त्याच्या शंटवर काही व्होल्टेज पडते आणि तेवढे परिपथाला कमी मिळते. साध्या मीटरमध्ये रेंज पूर्ण भरली की शंटवर सुमारे २०० मिलिव्होल्ट पडतात. म्हणजे २०० मिलिअँपिअरच्या रेंजला शंट १ ओहमचा, २० मिलिअँपिअरला १० ओहमचा आणि २ मिलिअँपिअरला १०० ओहमचा. आपल्या एलईडीच्या परिपथात २०० मिलिअँपिअरची रेंज वापरली तर एकूण रोध ४७१ ओहम होऊन धारा १५.१८ मिलिअँपिअर राहते; २० मिलिअँपिअरची रेंज वापरली तर ४८० ओहम होऊन ती १४.९० पर्यंत उतरते. फरक दोन टक्क्यांचा आहे, आणि मौज अशी की जास्त अंक दाखवणारी लहान रेंजच परिपथाला अधिक बदलते. ९ व्होल्टच्या परिपथात हे चालून जाते. पण ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या, झोपेत काही मायक्रोअँपिअर आणि जागेपणी शेकडो मिलिअँपिअर घेणाऱ्या उपकरणात मायक्रोअँपिअरची रेंज लावून ठेवली, तर जागे होण्याच्या क्षणी त्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि ते पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत राहते. दोष उपकरणात शोधला जातो आणि खरा अडथळा मीटरचा असतो.

व्होल्टेजवरून बिघाड शोधणे

माझ्या मते मल्टिमीटरचे खरे सामर्थ्य इथे आहे, आणि ते फारसे शिकवले जात नाही. एखादा दिवा लागत नाही. बॅटरी, फ्यूज, स्विच आणि दिवा एकसर आहेत. बहुतेक जण एकेक वस्तू काढून तिचा रोध तपासू लागतात. त्याऐवजी पुरवठा चालू ठेवून, स्विच दाबलेल्या अवस्थेत, प्रत्येक घटकाच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. परिपथ कुठेतरी तुटला असेल तर धारा शून्य असते. धारा शून्य म्हणजे चांगल्या घटकांवर काहीच व्होल्टेज पडत नाही, आणि पुरवठ्याचे सगळे व्होल्टेज नेमके तुटलेल्या जागी दिसते. फ्यूजच्या दोन टोकांवर १२ व्होल्ट दिसले तर फ्यूज उडाला आहे. बंद केलेल्या, म्हणजे जोडलेल्या स्विचवर १२ व्होल्ट दिसले तर स्विच आतून जळला आहे. दिव्यावर १२ व्होल्ट असून तो लागत नसेल तर दिवाच गेला आहे. एकही पेच न काढता दोष सापडतो.

अर्धवट बिघाडात ही रीत आणखी मोलाची ठरते. समजा गाडीचा दिवा मंद लागतो. दिवा चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट आहेत आणि दिव्याच्या टोकांवर ११.० व्होल्ट. मधले १.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी पडत आहेत. तांबडा प्रोब बॅटरीच्या धन टोकावर ठेवून काळा प्रोब वाटेतल्या प्रत्येक जोडावर पुढे पुढे न्यावा. वाचन ज्या जोडावर एकदम उडी घेईल तो जोड गंजलेला किंवा सैल आहे. धन बाजूला काही सापडले नाही तर दिव्याच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत तीच तपासणी करावी, कारण गाडीच्या सांगाड्याला केलेला जोड पहिल्यांदा गंजतो. हेच काम ओहमच्या रेंजवर का होत नाही, ते समजून घ्यावे: ७ अँपिअर धारेला १.४ व्होल्ट पाडण्यासाठी फक्त ०.२ ओहमचा दोष पुरतो, आणि मीटरच्या स्वतःच्या प्रोबच्या तारांचा रोधच साधारण तेवढा असतो. शिवाय ओहमच्या रेंजवर मीटर अगदी किरकोळ धारा सोडतो. गंजलेला जोड तेवढ्या धारेला चांगला वाटतो आणि खऱ्या भाराखाली उघडा पडतो. ओहमची रेंज पुरवठा असलेल्या परिपथावर कधीही लावू नये, हे इथेच सांगून ठेवतो.

बॅटरी तपासतानाही भाराचाच नियम लागू होतो. नुसता मीटर टेकवल्यावर १.४८ व्होल्ट दाखवणारा सेल चांगला आहे असे म्हणता येत नाही. त्याला ४ ओहमचा रेझिस्टर क्षणभर जोडून पुन्हा मोजावे. व्होल्टेज १.३२ वर आले तर धारा १.३२ ÷ ४, म्हणजे ०.३३ अँपिअर, गमावलेले ०.१६ व्होल्ट भागिले ०.३३ म्हणजे सेलचा अंतर्गत रोध अर्ध्या ओहमच्या जवळ. संपत आलेल्या सेलचे व्होल्टेज भार जोडताच कोसळते. सेलची ‘किती अँपिअर ताकद’ आहे ते पाहण्यासाठी त्याच्यावर थेट ॲमीटर लावण्याची सवय कित्येकांना असते. ती सेललाही वाईट आणि मीटरलाही.

शिकत असताना मी केलेली एक चूक मुद्दाम सांगतो. एका परिपथातली धारा १० अँपिअरच्या सॉकेटमधून मोजली, स्विच फिरवून व्होल्टवर आणला, पण तांबडा प्रोब तिथेच राहू दिला आणि तसाच तो १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर टेकवला. अशी बॅटरी क्षणभरात शेकडो अँपिअर देऊ शकते. मोठी ठिणगी उडाली, प्रोबचे टोक वितळले आणि हाताला भाजले. त्या मीटरच्या १० अँपिअरच्या वाटेत फ्यूजच नव्हता. हाच प्रकार भिंतीतल्या पुरवठ्यावर घडला असता तर परिणाम कितीतरी गंभीर झाला असता. तेव्हापासून स्विचकडे पाहण्याआधी सॉकेटकडे पाहण्याचा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

एसी पुरवठा आणि क्लॅम्प मीटर

भिंतीतल्या पुरवठ्यावर मोजमाप करण्यापूर्वी मीटर त्या जागेसाठी योग्य आहे का ते पाहावे. मीटरवर आणि प्रोबवरही ‘कॅट’ हे अक्षर आणि रोमन आकडा छापलेला असतो. प्लगने जोडलेल्या उपकरणांसाठी कॅट २, इमारतीतल्या पक्क्या वायरिंगसाठी आणि वितरण पेटीसाठी कॅट ३, आणि पुरवठा इमारतीत शिरतो त्या जागेसाठी कॅट ४ लागतो. जसजसे मूळ पुरवठ्याच्या जवळ जावे तसतसा शॉर्ट झाल्यास वाहणाऱ्या धारेचा आणि अचानक येणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या झटक्याचा जोर वाढत जातो, म्हणून ही वर्गवारी केलेली आहे. मीटरचा फ्यूज उडाला तर तितक्याच व्होल्टेजचा, तितक्याच अँपिअरचा आणि त्याच जातीचा फ्यूज बसवावा. साधा काचेचा फ्यूज मोठ्या शॉर्टमध्ये आतल्या ठिणगीने धारा वाहतीच ठेवू शकतो आणि फुटू शकतो. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पुरवठा बंद आहे याची खात्री करताना तीन पायऱ्यांची रीत पाळावी. आधी चालू असल्याचे नक्की माहीत असलेल्या ठिकाणी मीटर तपासावा, मग ज्या ठिकाणी काम करायचे तिथे मोजावे, आणि शेवटी पुन्हा पहिल्या ठिकाणी तपासावे. मधल्या वेळेत मीटरची बॅटरी संपली किंवा प्रोबची तार तुटली तर शून्याचा अर्थ ‘पुरवठा नाही’ असा न राहता ‘मीटर बंद’ असा झालेला असतो, आणि तिसऱ्या पायरीशिवाय तो कळत नाही. एसीवर चालणाऱ्या उपकरणाचे आतले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) प्लग काढल्यावरही भारित राहू शकतात. २३० व्होल्ट एसीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि दिष्टीकरणानंतर, म्हणजे एसीचे डीसी केल्यावर, कपॅसिटरवर तेवढे डीसी व्होल्टेज साचलेले असू शकते. त्याला हात लावण्यापूर्वी डीसीच्या रेंजवर मोजावे, आणि योग्य शक्तीच्या रेझिस्टरमधून ते उतरवावे.

एसीच्या वाचनात आणखी दोन फसवे प्रसंग येतात. पहिला, बंद तारेवर दिसणारे व्होल्टेज. चालू तारेच्या शेजारून गेलेल्या, कुठेच न जोडलेल्या तारेवर १० मेगाओहमचा मीटर कधी ४० तर कधी ९० व्होल्ट दाखवतो, कारण दोन तारांमधल्या धारकतेतून आलेली अतिसूक्ष्म धाराही एवढ्या मोठ्या रोधावर आकडा उमटवते. कमी अंतर्गत रोधाची सोय असलेल्या मीटरवर हे व्होल्टेज लगेच मावळते. तरीही, खात्री होईपर्यंत प्रत्येक व्होल्टेज खरेच मानावे. दुसरा, तरंगाच्या आकाराचा परिणाम. साधा मीटर एसीची सरासरी मोजून तिला १.११ ने गुणून आकडा दाखवतो, आणि हा गुणक फक्त शुद्ध साइन तरंगासाठी खरा आहे. चौरस तरंगावर तो ११ टक्के जास्त दाखवतो; डिमर, स्वस्त इन्व्हर्टर किंवा एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरवर तर त्याचा भरवसाच धरता येत नाही. तिथे ‘ट्रू आरएमएस’, म्हणजे तरंगाचा आकार कोणताही असला तरी त्याचे खरे परिणामी मूल्य दाखवणारा मीटर घ्यावा.

एसी पुरवठ्यावरची धारा मोजण्यासाठी तार तोडून मल्टिमीटर बसवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. त्यासाठी क्लॅम्प मीटर आहे. धारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हे हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये होकायंत्राच्या सुईवरून दाखवून दिले. क्लॅम्पचा जबडा तेच क्षेत्र पकडतो. जबड्यात एकच तार घ्यावी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही असलेली सबंध केबल पकडली तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींचे क्षेत्र पुसून टाकतात आणि वाचन शून्य येते. याच गुणाचा उलटा उपयोगही होतो: दोन्ही तारा मुद्दाम एकत्र पकडल्यावर शून्याऐवजी काही आकडा आला, तर तेवढी धारा अर्थिंगच्या किंवा इतर वाटेने गळत आहे असे समजते. अशी गळती सहसा मिलिअँपिअरमध्ये असल्याने त्यासाठी तितका सूक्ष्म क्लॅम्प हवा. धारा लहान असेल तर तार जबड्यातून पाच वेळा फिरवून घ्यावी आणि वाचनाला पाचाने भागावे, २.० अँपिअर दिसले तर खरी धारा ०.४ अँपिअर. केवळ एसीसाठी बनवलेला क्लॅम्प डीसी दाखवू शकत नाही, कारण तो ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो. डीसीसाठी हॉल परिणामावर (चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात आडवे व्होल्टेज निर्माण होण्यावर) चालणारा क्लॅम्प लागतो, आणि तो दर वेळी तारेपासून दूर धरून शून्यावर आणावा लागतो.

काम संपल्यावर तांबडा प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घालावा आणि स्विच एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या रेंजवर नेऊन मग मीटर बंद करावा. पुढच्या वेळी घाईत कोणी तो उचलला तरी तो सर्वांत निरुपद्रवी अवस्थेत असेल. धारा मोजण्याच्या वाटेतला फ्यूज शाबूत आहे का, हे बहुतेक मीटरमध्ये झाकण न उघडता पाहता येते: स्विच ओहमवर ठेवून, व्होल्टच्या सॉकेटला जोडलेल्या तांबड्या प्रोबचे टोक मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये घालावे. काही ओहमचा आकडा दिसला तर फ्यूज ठीक आहे, वाचन मर्यादेबाहेर गेले तर तो उडाला आहे. प्रोबच्या तारांचे आवरण कुठे तडकले असेल तर टेप न लावता तारांची जोडी बदलावी, आणि मीटर बरेच दिवस ठेवून द्यायचा असेल तर आतली बॅटरी काढून ठेवावी.